मॅरेज गार्डनच्या ठेकेदाराकडून गवती धावपट्टी: इंदूरच्या काळ्या मातीत काय जमतं, काय नाही

निकाल आधी. मॉडेल विमानांच्या पट्टीवर गवत लावायला आणि पहिली दोन वर्षं जोपासायला हा ठेकेदार उत्तम आहे. गवताखालचा पाया मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये. माळव्यात धावपट्टी टिकते ती पायामुळे, त्यामुळे हा फरक छोटा नाही.

इंदूरच्या पूर्वेला, बायपासच्या पलीकडे मॅरेज गार्डनांची हिरवळ सांभाळणाऱ्या काही टोळ्या आहेत. त्यांपैकी एका ठेकेदाराच्या टोळीच्या कामाचं हे परीक्षण. जागा खुडेलच्या बाजूची, खासगी शेतजमीन. पट्टी १२० मीटर लांब, १५ मीटर रुंद, म्हणजे १,८०० चौरस मीटर. वापर रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांचा: शिकाऊ इलेक्ट्रिक विमानांपासून ५० सीसी पेट्रोल इंजिनच्या मोठ्या मॉडेलांपर्यंत. माणूस बसणारं विमान उतरवायचं असेल तर लांबी, पाया आणि परवाना तिन्ही वेगळे. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम पाहावे लागतात, आणि ते काम लॉनवाल्याचं नाहीच.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हाताची बोटं सहज जातात. अशा मातीवर नुसतं गवत लावलं तर पहिल्या वर्षी दृष्ट लागेल अशी हिरवळ दिसते. दुसऱ्या उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात त्यांच्या कडा फुगून वर येतात आणि पट्टीवर लाटा उमटतात. मॅरेज गार्डनमध्ये हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे वर कार्पेट आणि खुर्च्या असतात आणि पाणी बारा महिने चालू असतं. ताशी ४० किलोमीटरने येणारं ७० मिलिमीटरचं चाक मात्र त्या लाटेवर आपटतं, नाकाचा पाय मागे दुमडतो आणि प्रोपेलर जमिनीत जातो. विमान मोडलं की दोष वैमानिकाच्या माथी येतो. मोडलेल्या पायांचा माग काढला तर पुष्कळदा तो जमिनीपर्यंत जातो.

इंदूरला ही गोष्ट नवी नाही. होळकर संस्थानाने १९३५ साली टाटा सन्सच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने विमानतळासाठी बिजासनचा उंचवटा निवडला. हेच व्हिन्सेंट टाटांच्या हवाई टपालसेवेच्या उभारणीत होते. ती सेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून सुरू झाली तेव्हा मुंबईत विमान जुहूच्या कच्च्या मैदानावर उतरलं. ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे. त्या पिढीला गवत आणि माती नेमकी कळत होती. बऱ्याच विमानांना ब्रेक नसत. शेपटीखालची घसरपट्टी गवतात रुतून विमान थांबवायची. आडवा वारा त्या हलक्या विमानांना झेपत नसे, म्हणून अरुंद पट्टीऐवजी चारी बाजूंनी मोकळं मैदान राखायचे आणि वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उडायचे. इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची नियमित सेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाली, तीही ऐन पावसाळ्यात. आज जो कोणी शेतात पट्टी करतो त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न असतो: पाऊस पडून गेल्यावर किती वेळाने चाक टेकवता येईल?

आता कामाकडे. ठेकेदाराची नेहमीची पद्धत अशी: वरचं तण काढायचं, ट्रॅक्टरने एक पाळी द्यायची, शेणखत आणि लाल माती पसरायची, वर गवत. पट्टीसाठी हे पुरत नाही. करून घ्यायचं ते असं. वरची १० सेंटीमीटर माती तण आणि मुळांसकट खरवडून बाजूला ढीग करायची. उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीलाच मधोमध उंचवट्याचा आकार द्यायचा. दोन टक्के उतार म्हणजे मधली रेघ कडेपेक्षा १५ सेंटीमीटर वर. हा आकार मातीतच द्यावा, मुरमात नाही. टोळीने सपाट जमिनीवर मुरूम ओतून उतार काढायचा घाट घातला होता. तसं केलं तर २७० घनमीटरऐवजी ४०५ घनमीटर मुरूम लागतो, म्हणजे सरळ दीडपट, आणि बिल तुमचं.

मुरूम दाबल्यानंतर १५० मिलिमीटर भरला पाहिजे, तोही दोन थरांत. मोकळा मुरूम दाबला की बसतो, म्हणून २७० घनमीटरसाठी सुमारे ३४० घनमीटर आणावा लागतो. १४ घनमीटरच्या डंपरने साधारण २४ फेऱ्या. प्रत्येक डंपर रिकामा होताना एक माणूस उभा ठेवा. मुरमात मुठीएवढे दगड आले तर ते आत्ताच वेचायचे, कारण दोन पावसाळ्यांनी ते गवतातून वर डोकावतात. पिवळसर, चिकट मुरूम परत पाठवा. ओला करून मुठीत दाबला आणि हाताला माती चिकटून राहिली तर त्यात चिकणमाती जास्त आहे.

टोळी सगळ्यात जास्त चुकली ती दबाईत. दोन्ही थर एकदम पसरून वरून एकदाच रोलर फिरवायचा, ही त्यांची सवय. कंप देणाऱ्या एक टनी बेबी रोलरचा जोर दोन्ही थरांच्या मोकळ्या मुरमाच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. वरून पक्कं वाटतं, खाली पोकळ राहतं आणि पहिल्या जोरदार पावसानंतर जागोजागी खळगे पडतात. ओलही बेताची लागते. मूठभर माल दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा: फुटून चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर, भुगा झाला तर कोरडा, चपटा होऊन चिकटला तर पाणी जास्त. ही परीक्षा मुकादमाला एकदा दाखवली की तो ती मनापासून करतो. त्याने या कामात आळस केला नाही, त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

पाया झाल्यावर तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी ठेवून बघा. खाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे चुन्याची खूण करून भरून घ्या. दुसरी परीक्षा मोटारीची: पट्टीवरून ताशी ५० किलोमीटरने गाडी न्यायची. आत बसलेल्याला धक्के जाणवले तर विमानाच्या चाकालाही जाणवणार. गवताच्या पट्ट्यांवर उडणारे वैमानिक ही कसोटी फार वर्षं वापरत आले आहेत. ठेकेदाराचे पैसे या दोन परीक्षांनंतरच सोडावेत.

पाण्याचा निचरा त्याने चांगला काढला, एक गोष्ट सोडून. चर कडेला लागूनच आणि उभ्या काठाचे खणले. पट्टीवरून घसरलेलं मॉडेल अशा चरात गेलं की पंखासकट संपतं. चर कडेपासून निदान तीन मीटर लांब हवा, आणि परातीसारखा उथळ, म्हणजे चाक त्यात उतरून पलीकडे निघेल.

गवताच्या कामात मात्र ही टोळी खरोखर कसबी आहे. मुरमावर ७५ मिलिमीटर मातीचा थर येतो. त्यात खरवडून ठेवलेली काळी माती चाळून, निम्म्याहून जास्त नर्मदेची वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळतात. वाळूच्या प्रमाणावर ठेकेदार ठाम आहे, आणि ते बरोबरच आहे: थोडी वाळू चिकणमातीत घातली तर ती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसते. गवताच्या निवडीतही त्याचा सल्ला प्रामाणिक. महाग कोरियन गवत तो विकू शकला असता, पण ते उंचवट्यांनी वाढतं आणि चाकाखाली डोंगर-दऱ्या होतात, असं त्याने स्वतःहून सांगितलं. धावपट्टीला आपली हरळीच हवी. ती आडवी पसरते, तुटली तर पेरापेरातून फुटते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मरत नाही आणि चाकाने ओरबाडलेली जागा पावसात आठ-पंधरा दिवसांत भरून काढते.

हरळी ठोंबांनी लावली, १० सेंटीमीटरच्या अंतराने. १,८०० चौरस मीटरला १ लाख ८० हजार ठोंब होतात. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण लावणाऱ्या बायकांचा हात इतका बसलेला आहे की ओळ वाकडी जात नाही आणि एकही ठोंब पोकळ मातीत राहत नाही. तयार गवताच्या चटया टाकून काम लवकर उरकतं, तरी पट्टीवर ते करू नये. चटईची माती वेगळी आणि खालची वेगळी, म्हणून मुळं सांध्यावर अडतात, कडा सुटतात आणि नाकाचं चाक नेमकं तिथे अडकतं. शिवाय चटईबरोबर लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात.

लावणीनंतर पाऊस नसेल तर दिवसाला चौरस मीटरमागे पाच लिटर पाणी धरा. म्हणजे नऊ हजार लिटर, पाच हजारी टँकर जवळजवळ दोन. म्हणूनच लावणी पावसाळ्याच्या सुरुवातीला करणं शहाणपणाचं. तीन आठवड्यांनी युरिया चौरस मीटरला १० ग्रॅम, एकूण १८ किलो, आणि लगेच भरपूर पाणी. कोरड्या पानावर युरिया पडून राहिला तर चट्टे करपतात. पट्टी धरल्यावर पाणी उलट कमी करत न्यायचं, दररोज थोडं देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी खोल. इथे टोळीशी वाद घालावा लागतो. लग्नाच्या हिरवळीची त्यांना सवय, म्हणून ते रोज संध्याकाळी पाइप सोडतात. रोजच्या पाण्याने मुळं वरच राहतात, माती मऊ राहते आणि जड मॉडेलची चाकं रुततात.

कापणी. सांगायची उंची २५ मिलिमीटर. एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. गवत ६० वर गेलं असेल तर आधी ४०, तीन-चार दिवसांनी ३० आणि मग २५. श्रावणात आठवड्यातून दोनदा कापावं लागतं. थंडीत इंदूरच्या रात्री दहा अंशांखाली जातात, तेव्हा हरळी झोपते आणि तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. टोळीकडे ढकलायचं पेट्रोल मशीन आणि ब्रश कटर आहे. मशीन चांगलं, पाती बोथट. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरट दिसले तर समजावं की पातं कापत नाही, फाडतंय. इंदूरच्या सियागंज बाजारातून पात्यांची जादा जोडी आणून त्यांच्या हवाली करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ट्रॅक्टरमागचा स्लॅशर पट्टीवर येऊ देऊ नका: तो ७५ मिलिमीटरच्या खाली नीट कापत नाही आणि ओल्या जमिनीत मागच्या टायरच्या नक्षीचे ठसे सोडतो, जे पुढच्या उन्हाळ्यात दगडासारखे वाळतात.

गवत आणि त्याची ओल यांचा मोठ्या विमानांवर किती परिणाम होतो हे ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शनात आकड्यांत दिलेलं आहे. कोरड्या गवतावर उड्डाणाचं अंतर १.२ पट, ओल्यावर १.३ पट धरायचं. उतरताना कोरड्यावर १.१५ आणि ओल्यावर १.३५. उडताना गवत चाकाला मागे ओढतं, उतरताना ओलं गवत ब्रेकला पकड देत नाही. मॉडेलांना बहुधा ब्रेक नसतो, त्यामुळे तिथे पहिला भाग जास्त जाणवतो: २५ मिलिमीटर गवतात ५० मिलिमीटरची चाकं घेऊन पळणारं शिकाऊ विमान वेग घेतच नाही, शेपूट वर करून नाकावर पडतं. ७० मिलिमीटरच्या खालची चाकं या पट्टीवर आणू नयेत.

उन्हाळ्यात त्यात हवेची भर पडते. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून ५६४ मीटरवर आहे. ४० अंशांच्या दुपारी इथली हवा साधारण ५,३०० फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते, म्हणजे समुद्रकाठच्या मानाने घनता सुमारे १५ टक्क्यांनी कमी. इंजिनाची ताकद, प्रोपेलरची ओढ आणि पंखाची उचल तिन्ही घटतात. मुंबईत ६० मीटरमध्ये उडणाऱ्या मॉडेलला इथे मे महिन्यात तेवढं पुरणार नाही. १२० मीटर लांबी हा हट्ट नाही.

रोलरबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण देखभालीतली टोळीची सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. त्यांच्या मते पाऊस पडून गेला की लगेच रोलर फिरवावा, कारण माती मऊ असते. काळ्या मातीत हे घातक. ओल्या मातीतली हवा निघून जाते, वर गुळगुळीत पापुद्रा तयार होतो, पाणी मुरत नाही आणि आठवड्याभरात गवत पिवळं पडतं. कोरड्या मातीवर फिरवला तर काहीच होत नाही, नुसतं डिझेल जातं. योग्य वेळ पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, बुटाची टाच दाबल्यावर ठसा उमटतो पण चिखल लागत नाही अशी. पाणी भरायचा २५० ते ३०० किलोचा लॉन रोलर पुरतो. वर्षातून चार-पाच वेळा फिरवला तरी बस.

पावसानंतर ४८ तास पट्टी बंद ठेवणं हाही कराराचा भाग करावा. “बारा महिने चालेल” असं ठेकेदार सांगतो. ते मानू नका. सततच्या झडीत पट्टी आठवडा-आठवडा बंद राहील.

तणांत खरा शत्रू लव्हाळा. टोळी तो खुरप्याने उपटते, वरचा भाग तुटतो आणि जमिनीतल्या गाठींची साखळी तुटून एकाचे चार होतात. त्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल असलेलं तणनाशक लागतं, लेबलवरच्या मात्रेने, पाऊस नसलेला दिवस बघून, लव्हाळा जोमात वाढत असताना. ही फवारणी त्यांना जमते, फक्त आधी सांगावी लागते. गाजर गवत फुलण्याआधी हाताने उपटतात, हे चांगलं. उंदरांची बिळं मात्र ते वरून माती टाकून बुजवतात. बीळ पाण्याने भरून, मुरूम ठासून बुजवलं नाही तर तिथेच खड्डा पडतो. नीलगायींसाठी कुंपण वेगळ्या खर्चाचं, पण टाळता येणार नाही. ओल्या पट्टीवरून कळप गेला तर खुरांचे ठसे महिनाभर भरत बसावे लागतात.

मांडणी त्याच्यावर सोडू नका. पट्टीची दिशा पूर्व-पश्चिमेच्या जवळ ठेवणं माळव्याला मानवतं, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून असतो. विमानतळाची धावपट्टीही ०७/२५, म्हणजे साधारण ७० आणि २५० अंशांची. उभं राहायची जागा दक्षिणेच्या बाजूला हवी, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. टोळीने रस्ता उत्तरेला म्हणून सावलीचा मांडव उत्तरेला बांधला होता. तिथून दुपारी विमानाकडे पाहताना थेट उन्हात बघावं लागतं. खुणांसाठी ताजा चुना वापरू देऊ नका, मुळं जळतात. पाणी घातलेला पांढरा इमल्शन रंग किंवा जमिनीशी समतल बसवलेल्या पांढऱ्या फरश्या बऱ्या. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक पट्टीच्या टोकाला नको, झाडांच्या आडोशालाही नको.

आकाशाच्या परवानगीशी ठेकेदाराचा संबंध नाही, पण जागा घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडाच. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतची मॉडेल विमानं याच चौकटीत येतात. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या पलीकडे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत. महूच्या लष्करी हद्दीकडची जमीन स्वस्त मिळाली तरी नकाशा बघितल्याशिवाय बयाणा देऊ नये.

व्यवहार सरळ आहे. दर चौरस फुटावर. मुरूम, वाळू आणि टँकर वेगळे. भाव हंगामाप्रमाणे हलतो, म्हणून मापं लिहूनच कोटेशन घ्या आणि मुरूम ट्रिपवर न मोजता दाबलेल्या जाडीवर मोजा. फोन उचलतात, वेळेवर येतात, तक्रार केली तर वाद न घालता माणूस पाठवतात. अडचण हंगामाची. तुळशीचं लग्न झालं की त्यांची सगळी माणसं मॅरेज गार्डनांत जातात, आणि नेमके तेच महिने उडवायला सगळ्यात चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्याला एक फेरी पक्की, असं करारात लिहून घ्यावं आणि त्या महिन्यांचे पैसे कामानंतर द्यावेत.

पाया रस्त्याचं काम करणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराकडून गुढीपाडव्यानंतर सुरू करून मे अखेरीस संपवा, त्यावर एक-दोन पाऊस बसू द्या, बसलेले खळगे भरा, आणि मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात या टोळीला ठोंब लावायला बोलवा. दसऱ्यापर्यंत हरळी धरते. दिवाळीपर्यंत हलकी इलेक्ट्रिक विमानंच उतरवावीत; ५० सीसीची मॉडेलं दिवाळीनंतर, मोटारीची परीक्षा पुन्हा एकदा घेऊन.